स्वस्त सगळ्यात वर

आमच्या बांडुंगच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायची रीत नव्हती. पुस्तक असो नसो, "आहे, बसा" म्हणायचं, स्टूल पुढे सरकवायचं आणि मागच्या बोळातून दुसऱ्याच्या गाळ्यात पळायचं. तिथून पुस्तक आणायचं, विकायचं, नफा अर्धा अर्धा. कोणाकडे काय आहे हे आम्हाला तोंडपाठ, पण कोणाचा भाव काय हे गिऱ्हाइकाला कधी कळत नसे. त्यावर आमचे संसार चालले.

निनिंग याच बाजारात वाढली. एंगकोसची एकुलती एक पोर. तिची आई लवकर गेली. एंगकोस तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवून धंदा करायचा, आणि ती रडली की समोरच्या गाळ्यातला दासेप तिला कडेवर घेऊन हिंडवायचा. मी शेजारी शाळेची पुस्तकं विकते, मी तिला न्हाऊमाखू घातलंय. मोठी होऊन कॉम्प्युटर शिकली, जकार्तात कंपनीत लागली. मग साथ आली, बाजार बंद पडला. उघडला तरी माणूस फिरकेना. लोकांना घरबसल्या फोनवर मागवायची चटक लागली होती. एंगकोस गाळा सोडायची भाषा करू लागला, तशी ही बया नोकरी सोडून परत आली.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले. "चांगली लागलेली नोकरी सोडतं का कोणी?"

"चेऊ," ती म्हणाली, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मला सगळा बाजार चेऊच म्हणतो, "गाळा गेला ना, तर अबाह पण जातील. तुम्हाला माहितीये."

माहीत होतं. तिचा अबाह, म्हणजे बाप, दुसरीकडे कुठे जगलाच नसता.

मग ती कामाला लागली. सगळ्या बाजाराचं मिळून एक ऑनलाइन दुकान. पुस्तकांच्या ढिगात मांडी घालून बसायची, लॅपटॉप एका मोडक्या पेटीवर. दिसेल त्याचा फोन ओढून घ्यायची. एकच पान, पण मोठ्या पडद्यावर पसरलं पाहिजे आणि छोट्या फोनवर अंग चोरून बसलं पाहिजे, असा तिचा हट्ट. माझ्या तडा गेलेल्या फोनवर खरेदीचं बटण कडेला लपायचं.

"चेऊ, आडवा धरा. आता उभा. परत आडवा."

"अगं, हात मोडला माझा! तुझं ते बटण काय पळून जातंय?"

"नेंग," दासेप समोरून ओरडायचा, लहान पोरींना लाडाने म्हणतात तसं, "अंग चोरायचं जरा माझ्या पोटालाही शिकव गं!" एंगकोस खोकला येईपर्यंत हसायचा.

पान झालं. झकास झालं. एकच पुस्तक चार गाळ्यांत असेल तर चौघांची नावं, चौघांचे भाव, आणि स्वस्त सगळ्यात वर. कंपनीत तसंच करत असत. ज्याने त्याने आपल्या फोनवरून भाव बदलायचा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाच्या म्हणजे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सुरुवातीला मागण्या धडाधड आल्या. दासेपने सगळ्यांना तळलेली केळी खिलवली. मग एक दिवस कॉलेजातलं एक पोरगं एंगकोससमोर उभं राहिलं, फोनकडे बघितलं, "समोर स्वस्त आहे की," म्हणालं आणि तीन पावलांवर दासेपकडे गेलं. एंगकोसने भाव उतरवला. दासेपने त्याहून उतरवला. "काय रे, फुकट वाटतोस का?" असं आधी हसून चाललं. पुढे हसणंही आटलं.

त्यानंतर एक बाई सुंदानी भाषेचा जुना शब्दकोश शोधत आली. "आहे, बसा," एंगकोस म्हणाला आणि सवयीने दासेपकडे गेला. दासेपने मान वर केली नाही. "थेट माझ्याकडून घेऊ दे की तिला. नाव आहे माझं तिथे." एंगकोस रिकाम्या हाताने परत आला आणि त्या बाईला म्हणाला, "नाही." त्या दुपारी तो जेवला नाही.

निनिंगने सगळ्यांना गोळा केलं. "गाळ्यांची नावं काढते. बाजाराचा एकच भाव ठेवू. पूर्वीसारखं."

"आता?" दासेप म्हणाला. "आता कुठे माझं गिऱ्हाईक जमलंय."

"मांग," ती म्हणाली, काकाला म्हणतात तसं दासेपला ती लहानपणापासून मांग म्हणायची, "अबाह तोट्यात विकतायत."

"मग नको विकू म्हणावं. मी म्हटलं होतं का भाव खाली आण?"

ज्यांची नावं वर दिसत होती ते सगळे दासेपच्या बाजूने. तू नावं काढलीस तर दुसऱ्याकडून असंच पान करून घेऊ, म्हणाले. माझं टाळकं सरकलं. "मेल्यांनो, पोर तुमच्यासाठी मर मर मेली, आणि तुम्ही तिच्याच बापाच्या पोटावर पाय देता?" कोणी ऐकेल तर शपथ.

एंगकोस हट्टाला पेटला. दिवसभर फोन हातभर लांब धरून कोण वर आहे ते बघत बसायचा, आणि त्याच्याहून भाव उतरवायचा. पोरगी विनवायची, "अबाह, सोडा ना," पण तो ऐकायचा नाही. एका सकाळी स्टुलावरून कोसळला. दासेपच धावला. त्यानेच त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी घरी दुआ होती. चटया अंथरलेल्या, माणसं दाटीने बसलेली, मी चहा देत होते. निनिंगचा फोन सारखा थरथरत होता. कोणीही भाव बदलला की तिला कळत असे. तिने बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. बापाकडे जी जी पुस्तकं होती, त्या सगळ्यांचे दुसऱ्या एका गाळ्यातले भाव एकामागून एक चढत होते. चढवणारा समोरच बसला होता, डोक्यावर काळी टोपी, ओठ दुआ पुटपुटताहेत, फोन मांडीवर.

ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. "मांग," ती हळूच म्हणाली, "कबरीवरची माती अजून ओली आहे हो."

"आहे गं, नेंग," दासेप म्हणाला. "पण आता भाव पाडणारा तो राहिला नाही ना."

आणि असं म्हणून तो ढसाढसा रडला. तिचे दोन्ही हात धरून, लहान पोरासारखा. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, ते रडणं खोटं नव्हतं. पण भाव काही त्याने परत उतरवले नाहीत.