आयशाबीच्या हातची झडती

विळा माझाच होता, हे आधी कबूल करून टाकतो.

सोयाबीन सोंगणीला आलं होतं. शाळेत येता येता विळा लोहाराकडून पाजवून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि सरळ आठवीच्या वर्गावर गेलो. पहिल्या बाकावरच्या पोरीला म्हटलं, "पिशवीतून हजेरी काढ गं." तिनं विळा काढला. अर्धा वर्ग किंचाळला, उरलेल्या अर्ध्यानं टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीपर्यंत बाभुळगावच्या स्टँडवर त्या विळ्याचा कोयता झाला होता. चार वाजता पालकांच्या ग्रुपवर दोन तलवारी फिरत होत्या. आमचे मुख्याध्यापक लालसिंग सर यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"मास्तराचं नाव आलं तर शाळेची अब्रू जाते," ते म्हणाले. "नाव कोणाचंच नको."

अहवालात मग एवढंच आलं: 'शाळेत एक धारदार वस्तू आढळली.' ती कोणाची हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, फक्त कागदाला नव्हतं.

दोन दिवसांनी शाळेची व्यवस्थापन समिती बसली. पालक घाबरले होते (माझी स्वतःची पोरगी शहरातल्या शाळेत, म्हणून मी निवांत), आणि घाबरलेल्या पालकाला 'विळा शेतीचा होता' हे पटत नाही. रोज फाटकावर पोरांची दप्तरं बघायची असं ठरलं. ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर बरं. सगळे 'बघायची' म्हणत होते. पण मराठीचा मास्तर ठरावात 'बघायची' कसं लिहील? मी ऐटीत लिहिलं: 'विद्यार्थ्यांच्या दप्तरांची दररोज झडती घेण्यात यावी. विद्यार्थिनींची झडती महिला मदतनीस घेतील.'

महिला मदतनीस म्हणजे आयशाबी.

आयशाबी आमच्याकडे बावीस वर्षं आहे, मानधनावर. घंटा तिची, पाण्याची टाकी तिची, आणि पोरींची सगळी गुपितंही तिचीच. तिच्या पत्र्याच्या पेटीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, खोबरेल तेल आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली सॅनिटरी पॅडं असतात. कोणत्या पोरीला काय लागलं हे तिला सांगावं लागत नाही. पोरगी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उगाच उभी राहिली की आयशाबी पेटी उघडते. मुलींची मावशी, मास्तरांची आयशाबी आणि लालसिंग सरांची "अहो त्या".

झडतीच्या पहिल्या दिवशी फाटकाशी टेबल मांडलं. समितीचे दोघे पायरीवर उभे. पोरापोरींची रांग एकच, कारण टेबल एकच. "उघडा आणि ओता," लालसिंग सर म्हणाले. आयशाबीनं बावीस वर्षांत त्यांना नाही म्हटलं नव्हतं. तिनं आठवीतल्या निकिताचं दप्तर उघडलं आणि ओतलं. वह्या पडल्या, कंपास पडली, आणि कागदाची पुडी पडून सुटली. मागून कोणीतरी काहीतरी बोललं, रांग हसली. निकितानं सगळं गोळा केलं, दप्तर पाठीला लावलं आणि आली त्या वाटेनं घरी निघून गेली.

त्या दिवशी घंटा सात मिनिटं उशिरा झाली.

निकिता दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी आयशाबी स्टाफरूममध्ये आली.

"सर, तो कागद वाचून दाखवा."

मी ठराव वाचला.

"झडती? ते तं चोराची घेतात नं?"

"अहो आयशाबी, नुसता शब्द आहे तो."

"नुसता शब्द असता तं पोरगी घरी काहून बसली असती? चला, गाडी काढा."

निकिताचे वडील पुंडलिकराव अंगणात कापसाचं गाठोडं बांधत होते. माणूस भला, पण त्या घडीला त्यांना दोन जास्तीचे हात मिळाले होते आणि ते सोडायला मन होत नव्हतं.

"पोरगी जात नाही म्हणते. मी कायले जबरदस्ती करू, मास्तर? कापूस फुटून राह्यला. वेचते बिचारी."

"आज वेचते," आयशाबी म्हणाली. "उद्या पाहुणे आणसान."

पुंडलिकरावांनी गाठोड्याची गाठ आणखी आवळली. दाराआडून निकिताचा आवाज आला, "मावशी, तू माहं दप्तर उघडणार नाही म्हण. मंग येतो मी."

"नाही उघडत."

बोलून गेली खरी. परतीच्या वाटेवर मात्र गाडीवर मागे बसून पुटपुटत होती. तपासायचं तर होतंच. मागच्या दिवाळीत एका पोरीच्या दप्तरातून सुतळी बॉम्ब तिनंच काढला होता. पोरींची काळजी तिला समितीपेक्षा कमी नव्हती.

तोड निघाली ती तिच्या बापाच्या धंद्यातून. आयशाबी पिंजाऱ्याची लेक. गादी भरून शिवून झाली की बाप तिला म्हणायचा, "दाब बेटा." ती तळवा फिरवायची आणि कुठे सरकी राहिली, कुठे काडी राहिली, ते शिवण न उसवता सांगायची. दुसऱ्या दिवशी तिनं टेबल हटवलं, मुलींची रांग आपली पत्र्याची पेटी असलेल्या खोलीकडे वळवली आणि स्टुलावर बसली. पोरगी दप्तर पुढे करायची, आयशाबी तळवा फिरवायची.

"कंपास. डबा. पाह्य, वरण सांडलं तुझं. हे टणक काय हाय? मोबाइल? उद्या घरी ठेवजो."

निकिता आली. तिच्या दप्तरावरूनही तळवा फिरला, इतरांएवढाच. त्याच आठवड्यात एका नववीच्या पोरीच्या पाउचमध्ये उघडं ब्लेड हाताला लागलं. आयशाबीनं तिला दार लावून विचारलं. काय बोलणं झालं ते आजवर कोणाला माहीत नाही. पोरगी मात्र आता रोज मधल्या सुट्टीत आयशाबीजवळ बसून डबा खाते.

इथं गोष्ट गोड संपायला हरकत नव्हती. पण वरून तक्ता आला. हे 'वर' कुठं आहे, आम्ही कोणी पाहिलेलं नाही. तक्त्यात रकाना होता, 'उघडून तपासले: होय / नाही', आणि सोबत उघड्या दप्तरांचा फोटो, रोज, साडेदहाच्या आत. आयशाबी रोज 'नाही'वर खूण करायची. फोटो नाहीच.

मी लालसिंग सरांकडे गेलो. ते म्हणाले, समितीचा ठराव आहे. समिती म्हणाली, वरून आलंय. वर फोन लावला तर कळलं की स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा. स्थानिक पातळी म्हणजे पुन्हा लालसिंग सर. शाळेची मागची भिंत दोन वर्षांपासून पडलेली आहे. तिथून बकऱ्या येऊन सातवीच्या वर्गात बसतात. त्यांच्यासाठी रकाना नाही.

ब्लेडाचं मी सांगितलं. "फोटो आहे का?" लालसिंग सरांनी विचारलं.

शेवटी आयशाबीला कारणे दाखवा नोटीस निघाली. तीन दिवसांत खुलासा, नाहीतर मानधन बंद आणि दुसरी बाई. त्या दुसऱ्या बाईला दप्तर नुसतं उघडता येणार होतं, दाबून ओळखता नाही. निकिता मग किती दिवस टिकेल ते मला दिसत होतं.

खुलासा लिहायला अर्थात मीच, अक्षर बरं. 'अनवधानाने', 'दिलगीर', 'यापुढे दक्षता' असे सगळे नरम शब्द वेचून घातले. पेटीच्या खोलीत जाऊन तिला वाचून दाखवला आणि पेन पुढे केला. तिनं पेनाला हात लावला नाही.

"आयशाबी, नोकरी जाईल. इतका हट्ट बरा नाही. एकच दप्तर उघडायचं, फोटोपुरतं. निकिताचं नको. कोणाही पोरीचं चालेल."

तिनं पेटीला कडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग तुमच्या पोरीचं आना, सर."