पुस्तकात मी नव्हतो

लिंबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाच्या हातात देत होतो. फोन रहीम सरांचा होता. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले रहीम सर म्हणजे आमच्या तिघांतले तिसरे. "माधवराव, अपना लिंबाजी गया…" एवढंच बोलले. सकाळी चहा पिताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आतच सगळं आटोपलं. स्मशानात अख्खं वसमत जमलं होतं. जमणारच, गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यानेच काढलेले. सरण पेटलं तसं कुणीतरी हळूच त्याचा एक किस्सा सांगितला. ऐकणाऱ्याने तोंडावर रुमाल दाबला, पण हसू काही दबलं नाही. मग दुसरा किस्सा, मग तिसरा… डोळे पुसत माणसं हसत होती. मीही रडत होतो, आणि खरं सांगतो, त्या रडण्यातही मला लिंबाजीचा हेवा वाटत होता. माझ्या वेळी लोक घड्याळाकडे बघतील, असा विचार तेव्हाही मनात येऊन गेला.

हा हेवा आजचा नव्हे. आम्ही दोघंही लग्नसराईवर जगणारे. मी पत्रिका छापायचो, तो फोटो काढायचा. पण त्याच्या वाट्याला मांडवातलं जेवण, नवरदेवाच्या गळ्यात हात आणि पोरीबाळींचं खिदळणं यायचं. माझ्या वाट्याला यायचे रुसवे. आमच्याकडे पत्रिकेत चुलते, मामे, मावसे, भावकी, सगळ्यांची नावं छापावी लागतात. एखादं राहिलं की तो माणूस लग्नाला येत नाही. मुलीकडच्यांशी तर भांडतोच, वरून मलाही बोल लावतो. म्हणून प्रूफ देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, "नीट वाचा. नाव राहिलं तर मला म्हणू नका." उभा जन्म हेच वाक्य बोलण्यात गेला. लिंबाजीला मात्र कुणाला काही बजावावंच लागत नसे. तो कॅमेरा डोळ्याला लावून नुसती भुवई उडवायचा आणि आठ दिवस रुसलेला मामाही फोटोत दात काढून हसायचा.

पुस्तकाची कल्पना त्याचीच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिघं त्याच्या स्टुडिओत बसायचो, तळं आणि हंस रंगवलेल्या त्या जुन्या पडद्यासमोर. तिथे तो गावाच्या नकला करायचा. अजून आंघोळीलाही न बसलेला पण फोनवर "निघालोच" म्हणणारा वसमतकर. बसस्टँडवर नांदेडची गाडी गेली का, असं एकाने विचारलं की छातीठोकपणे तीन वेगळ्या वेळा सांगणारे तिघं, आणि शेवटी चौघांनी मिळून घेतलेला चहा. रहीम सर हसत हसत चित्रं काढायचे. एक दिवस लिंबाजी म्हणाला, "आपन ह्याचं पुस्तक करू. मी सांगतो, माधव लिहील, सर चितरतील." नाव ठरलं 'आमचं वसमत, आमची खोड'. खर्च गावानेच करायचा, असंही ठरलं.

सरांच्या भाच्याने वर्गणीसाठी एक लिंक करून दिली. आम्ही ती सगळ्या ग्रुपवर पाठवली. कुणी तिला हात लावला तर शपथ! "तिच्यावर बोट ठेवलं की खातं रिकामं होते म्हनतेत," असं लोक आम्हालाच समजावायला लागले. मग लिंबाजी एक रिकामं पोतं घेऊन मोंढ्याच्या बाजारात गेला. हंगाम हळदीचा होता, त्या दिवसांत आमच्याकडे नोटासुद्धा पिवळ्या होतात. "पैसे नका देऊ, पसाभर हळद टाका," म्हणाला. ज्याने टाकली त्याला त्याने तिथल्या तिथे त्याचीच नक्कल करून दाखवली. ते बघायला अजून माणसं आली, त्यांनीही टाकली. शिरड शहापूरच्या एका बाप्याने तर हसता हसता आपलं अर्धं पोतं त्यात रिकामं केलं. संध्याकाळपर्यंत पोत्यांची रांग लागली, ती विकून छपाईचा खर्च निघाला. मी दोन पानांचं वर्गणीचं आवाहन लिहिलं होतं, मोठ्या सुंदर भाषेत. ते कुणी वाचलं नाही.

खरी गंमत पुढे झाली. आपली टिंगल होणार म्हणून लोक चिडतील अशी मला भीती होती. घडलं भलतंच. शेजारच्या कुरुंदा गावचे चार-पाच जण तावातावाने छापखान्यात आले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "हळद घेताना कुरुंदा चालला तुमाला? मंग आमची मजाक काहून न्हाई पुस्तकात? आमी काय कमी हाव का?" पत्रिकेत नाव राहिल्यावर धरतात तोच राग. लिंबाजीने त्यांना खुर्च्या दिल्या, तासभर बोलतं केलं आणि त्यांच्यावर अख्खं पान सांगितलं. ते खूश होऊन गेले. मग रोजच कुणी ना कुणी यायचं आणि आपली खोड आपणच सांगून जायचं.

पानं मीच लावत होतो. सगळे होते त्यात. रहीम सर होते, बारा महिने बगलेत असणाऱ्या छत्रीसकट. आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय उठू न देणारी माझी बायकोही होती, चांगलं अर्धं पान. मी मात्र कुठेच नव्हतो. प्रत्येक नवं पान लावताना मी आधी स्वतःला शोधायचो. शेवटचं पान लागलं तेव्हा राहवलं नाही. विचारलं, "लिंब्या, माह्यावर काहून न्हाई रे काही?"

तो लेन्स पुसत होता. वर न बघता म्हणाला, "तुह्यावर काय लिहावं? तू आपला साधा मानूस."

साधा माणूस! मी मुकाट्याने पुस्तक छापलं. मंगल कार्यालयात प्रकाशन झालं तेव्हा लोक आपापलं पान उघडून एकमेकांना दाखवत होते, माझी बायको तर शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवत होती. मी प्रती वाटत फिरत होतो. ज्याच्यावर लिंबाजी हसला त्या प्रत्येकावर मी त्या दिवशी जळलो. बाकीचं गाव गेलं खड्ड्यात, पण तीस वर्षं रोज समोर बसलेल्या दोस्ताला माझ्यात हसण्याजोगंसुद्धा काही दिसू नये? पुन्हा मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही… आणि आता तर तो गेलाच.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. पुस्तकाच्या सगळ्या प्रती संपल्यात, लोक मागतायत, पुन्हा छापू का, हे सुनंदावहिनींना विचारायला. "छापा की भावजी," त्या म्हणाल्या. चहा दिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळ्या गावावर बोलला वहिनी, माह्यावर एक ओळ न्हाई."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग उठल्या. नसलेला चष्मा डोळ्यांवरून काढला, त्यावर फुंकर मारली, नसलेल्या शर्टाच्या टोकाला पुसला, परत चढवला, समोरचं वर्तमानपत्र उचलून लांब धरलं आणि नाकातून म्हणाल्या, "नीट वाचा. नाव राहिलं तर मला म्हणू नका!" हुबेहूब मी. आणि शेवटी भुवई उडवली, ती मात्र लिंबाजीची होती.

"रोज जेवताना हेच चालायचं," त्या म्हणाल्या. हसत होत्या, डोळे वाहत होते. "दोन घास झाले की तुमी येनार म्हंजे येनार. लई हसायचो आमी. मी म्हनलं, हे लिवा की पुस्तकात. तर म्हनले, सगळंच गावाला वाटलं तर घरात काय राहील? माधव घरचा हाय, तो घरातच राहू दे."

पुस्तक आता पुन्हा छापायला घेतलंय. त्यात मी याही वेळी नाही, घालणारही नाही. गावातल्या कुणावर आता मी जळत नाही. पण गिऱ्हाइकाला प्रूफ देताना चष्म्याकडे हात जातो आणि तो दुसरा माधव आठवतो, लिंबाजीच्या ताटापाशी रोज रात्री बसणारा, त्याला पोटभर हसवणारा. मी जळतो तो आता त्याच्यावर.