बाटल्यांची अंगणवाडी

प्लॅस्टिकची रिकामी बाटली ही टाकून द्यायची वस्तू असते, हे मला जालन्याला प्रशिक्षणात कळलं. आमच्या गावात तोवर कुणी बाटली टाकल्याचं मी पाहिलं नव्हतं. शेतात पाणी न्यायला बाटली, रेशनच्या रॉकेलला बाटली, सुटं गोडेतेल आणायला बाटली, आणि पहाटे गावाबाहेर जाताना टमरेलापेक्षा बाटलीच बरी, कारण तिला झाकण असतं. एक बाटली घरात दोन-तीन वर्षं सहज नांदायची. त्यामुळे प्रशिक्षणाला आलेल्या पाहुण्या बाईंनी पडद्यावर फोटो दाखवले, की कुठल्याशा लांबच्या देशात टाकाऊ बाटल्यांत माती भरून शाळेची खोली बांधलीय, तेव्हा बाकीच्या सेविका जांभया देत होत्या आणि मी एवढ्या बाटल्या आपल्याला मिळतील कुठं याच विचारात पडले होते.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौस होती असं कुणी समजू नये. अंगणवाडी सेविकेला कामं कमी नसतात. पोरांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, पोलिओचे डोस, आणि वरून कुठल्याही खात्याचा कागद आला की तो भरायला आम्हीच. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती, बदनापूरहून जीपनं आत गेलं की लागणाऱ्या आमच्या गावात अंगणवाडीला अजून इमारत नव्हती. प्रस्ताव वर गेलेला होता. तो वरच राहिला. मुलं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसत, आणि तिथं एखाद्यानं बसल्या जागी लघवी केली की माझ्या सासरची भावकीसुद्धा मला चार शब्द ऐकवायची.

पण खोली बांधायचं माझं कारण वेगळं होतं. ते कारण म्हणजे आमच्या मदतनीस, ज्यांना सगळं गाव मावशी म्हणायचं आणि मीही मावशीच म्हणायचे. त्या बौद्ध वस्तीतल्या. नवरा लवकर गेला, दोन मुली त्यांनी एकटीनं वाढवल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. देवळामागं पत्र्याच्या आडोशाला चूल होती, तिथं त्या खिचडी शिजवायच्या आणि पातेलं घेऊन सभामंडपाच्या पायरीपर्यंत यायच्या. पायरीवर मी पातेलं घ्यायचे आणि आत वाढायचे. त्या खाली बसून राहायच्या. त्यांच्या हातची खिचडी लेकरांना चालते, पण त्यांचे पाय मंडपात चालत नाहीत, असा आमच्या गावाचा न्याय. लेकरांना काय विटाळ, म्हणायचे. याच्यावर कधी कुणी बसून चर्चा केली नव्हती, ते तसं चालत होतं.

एकदा मी हापशावर हात धुवायला गेले होते. तेवढ्यात एक तीन वर्षांचं पोर मंडपातल्या खांबावर आपटलं आणि त्याचं कपाळ फुटलं. मी ओरडा ऐकून धावत आले तर मावशी पायरीवर उभ्या, दोन्ही हात पुढं केलेले, आणि जिवाच्या आकांतानं मला हाका मारून राहिलेल्या. पोर त्यांच्यापासून चार हातांवर रक्तानं माखलेलं. त्या आत गेल्या नाहीत. पोराला टाके पडले, बरं झालं, त्याची आई मावशींना एक शब्द बोलली नाही. मला मात्र त्या दिवसापासून त्या पायरीकडं बघवेना. मावशी आत येऊ शकतील अशी एक खोली हवी, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, मावशींनाही नाही. गावाला सांगितलं, देवळात घाण होते.

सरपंचांनी जागा दिली, पण कशी, तर गाव आणि वस्ती यांच्या मधल्या गायरानाचा कोपरा, उकिरड्याला लागून. "बाटल्याच लावायच्या हायत ना बाई? मंग त्यांना उकिरडाच बराबर हाय," म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसले. जागा मिळत असेल तर सरपंचांच्या विनोदाला हसायला माझं काय जात होतं.

बाटल्या गावात मिळणार नव्हत्या हे उघड होतं. मी बदनापूर स्टेशनवर झाडणाऱ्या बाईशी ओळख काढली, रस्त्यावरच्या ढाबेवाल्यांना गाठलं, जालन्यात लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागच्या दारी उभी राहिले. खताच्या पोत्यात बाटल्या भरायच्या आणि जीपच्या टपावर टाकायच्या. पोत्याला वजन नसतं, पण आकार असा की ड्रायव्हर बघूनच तोंड फिरवायचा. "बाई, भंगाराचा धंदा काढला का? अंगणवाडी सोडली?" माझा नवरा तर घरात बोलायचाच बंद झाला होता. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की या बाटल्यांना कुणाकुणाची तोंडं लागली असतील.

हा प्रश्न पुढं फार महागात पडला. गावातल्या बायका आपल्या घरच्या जुन्या बाटल्या द्यायला तयार झाल्या आणि त्यातून नवीनच भांडण निघालं. जिथं लेकरं जेवणार त्या भिंतीत पहाटेची बाटली नको. आता पहाटेची कोणती आणि पाण्याची कोणती हे कसं ओळखायचं? प्रत्येक घर म्हणे, आमची पाण्याची, त्यांची पहाटेची. शेवटी मी आणि मावशी आठवडाभर हापशावर बसून आलेली प्रत्येक बाटली निरमा आणि राखेनं धूत राहिलो. कपाशीवर फवारायच्या औषधाच्या बाटल्या मी पोत्यातून वेगळ्या काढायचे, नाकाला लावून एकेक तपासायचे, आणि संध्याकाळी डोकं गच्च झालेलं असायचं. रोगर की काय त्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

मग माती. इथं मी जी चूक केली ती शेतकऱ्याच्या घरातली बाईच करू शकते. आमच्याकडं जमिनीला आई म्हणतात, आणि सासऱ्यांच्या रानातली काळी म्हणजे तालुक्यात नाव. मी म्हटलं, भरायचीच तर चांगली भरू. गाडीभर काळी माती आणली, ओली करून बाटल्यांत काठीनं ठासली. गावातल्या बायका दुपारच्या येऊन बसायच्या, वस्तीतल्याही यायच्या. दोन घोळके वेगवेगळे बसायचे, मधे वाट सोडलेली, पण भरलेल्या बाटल्या एकाच ढिगात पडायच्या. एक बाटली नीट ठासायला पाव तास लागतो. तळहाताला फोड येतात, ते फुटतात, परत येतात. दोन महिन्यांनी ढीग माझ्या खांद्याएवढा झाला आणि मी गवंड्याला बोलावलं.

गवंडी म्हातारा होता, परतूरकडचा, बोलायला कमी. त्यानं एक बाटली उचलली, कानाशी धरली आणि हलवली. आत खुळखुळ झालं. दुसरी उचलली, तीही वाजली. "बाई, हे काय करून राह्यले तुमी?" तो म्हणाला. "काळी हाय ही. वाळली की आटती. काळीत कापूस येतो, भिंत न्हाई येत. बिलकुल न्हाई." उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे मी नांदायला आल्यापासून बघत होते. घर बांधताना कुणी काळी वापरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. बाटली हातात घेतल्यावर एवढंसं ज्ञान मला आठवलं नाही. मुरूम चाळून, कोरडा भरा, म्हणाला, आणि सायकलवर बसून निघून गेला.

त्या दिवशी मी ढिगाशेजारी बसून रडले. राग कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. मावशी आल्या, एक बाटली घेतली आणि तारेनं आतली काळी कोरून काढायला लागल्या. वाळलेली काळी बाटलीच्या तोंडातून निघता निघत नाही. ठासायला पाव तास लागला होता, काढायला अर्धा लागला. गावातल्या बऱ्याच बायका त्यानंतर आल्याच नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं, कापसाची वेचणी सुरू झाली होती. वस्तीतल्या सात-आठ जणी वेचणीहून परत येताना तासभर थांबायच्या. मला कधी कधी वाटायचं, सोडून द्यावं. देऊळ आहे, पायरी आहे, चाललंय तसं चालू द्यावं. पण मग मावशी खाली मान घालून बाटल्या कोरताना दिसायच्या आणि मी परत चाळणी उचलायचे.

वर्ष गेलं. भिंती उभ्या राहिल्या, आडव्या बाटल्यांच्या ओळी, मधे चिखल आणि थोडं सिमेंट. दोन खांब पडून परत बांधावे लागले. वर पत्रे आले ते एका ढाबेवाल्यानं जुने दिलेले. आत गवंड्यानं गिलावा केला, पण एका भिंतीला बाटल्यांची बुडं उघडी ठेवली, कारण पोरांना ती मोजायला आवडायची. खोली फार देखणी झाली नव्हती, एक कोपरा अजूनही काटकोनात नाही. सरपंच नारळ फोडून गेले, वर्तमानपत्राचा माणूस येणार होता तो आला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी एवढी दमले होते की घरी जाऊन झोपले.

पहिल्या दिवशी बत्तीसपैकी अकरा मुलं आली. मावशी पातेलं घेऊन दारातून सरळ आत आल्या, मधोमध ठेवलं आणि पळीनं वाढायला लागल्या. कुणी काही म्हणालं नाही. म्हणायला कुणी नव्हतंच. आठ-दहा दिवसांत बाकीची मुलंही हळूहळू यायला लागली. आयांना कामावर जायचं होतं आणि पोरं दुसरीकडं ठेवायची सोय नव्हती. एक-दोन घरांनी डबा देऊन बघितला, पण पोरांनी डब्याकडं ढुंकून पाहिलं नाही, त्यांना खिचडीच हवी होती. मावशी पोरांच्या मधे मांडी घालून बसायच्या, कुणाचं नाक पुसायच्या, कुणाला मांडीवर घ्यायच्या. मी कोपऱ्यात रजिस्टर भरत बसायचे आणि मधूनच बघायचे. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. मावशी कधीतरी काहीतरी म्हणतील, एखादा चांगला शब्द, असं मला वाटत होतं.

महिना झाला तरी त्या काही म्हणाल्या नाहीत. मग एका दुपारी पोरं गेल्यावर मीच विषय काढला. "मावशी, बरं झालं ना आता? आता पायरीवर थांबायला नको."

मावशी ताटल्या गोळा करत होत्या. त्या थांबल्या. "बाई, येक बोलू का? राग न्हाई ना येनार?"

"बोला की."

"पायरीवर थांब म्हून मला गावातलं कोनी म्हनलंच नव्हतं. पयल्या दिवशी मी पातेलं घेऊन वरच चढून राह्यले होते. येक पाय ठेवल्ता मंडपात. तेवढ्यात तुमी आतून पळत आल्त्या, हात पुढं करून. मंग मला वाटलं, हितंच थांबायचं असतंय."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला कुणी काही बोलू नये म्हणून मी..."

"मला म्हाईत हाय बाई. तुमचं मन खराब न्हाई." त्यांनी ताटल्या एकावर एक रचल्या. "गावानं हाकललं बी असतं मला. न्हाई असं न्हाई. पर ते गावानं करायचं होतं. तुमी त्याच्या आधीच करून टाकलं." आणि त्या ताटल्या घेऊन हापशाकडं गेल्या. आवाजात राग नव्हता. मलाच तेव्हा वाटलं, असता तर बरं झालं असतं.

पुढं बरीच वर्षं आम्ही त्या खोलीत सोबत काम केलं. तो विषय पुन्हा निघाला नाही. मावशी माझ्याआधी निवृत्त झाल्या, सध्या मुलीकडं असतात, भेटल्या की पोटभर बोलतात. मी मात्र तो पहिला दिवस आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी आतून पळत गेले होते का, मावशींचा पाय मंडपात होता का, मंडपात आणखी कोण उभं होतं, काही म्हणता काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की पातेलं चांगलं तापलेलं होतं, पदरानं धरूनही बोटं भाजली होती, आणि ते आत नेताना मला वाटलं होतं, आपण किती चांगल्या आहोत.