बाहेरून ओरडायचं नाही

आमची पोस्ट उत्तरेत, बर्फात होती. सेक्शन कमांडर होते हवालदार संपत खरात. पेट्रोलवर ते मध्येच थांबायचे आणि कुणालाही विचारायचे, "मी नाही असं समज. पुढं कसं नेशील?" उत्तर चुकलं तरी ओरडत नसत. "काय बघून ठरवलंस?" एवढंच. दात वाजत असताना ही परीक्षा कुणाला हवी होती! पाठीमागे आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो.

एका सकाळी परतताना वरचा बर्फ सुटला. सर्वांत पुढे असलेले खरात त्याखाली गेले. दुपारपर्यंत खणलं, हाती काही लागलं नाही. वारा वाढला. मी खालच्या ठाण्याला रेडिओवर हाका मारत बसलो.

"चार्ली, मेरी आवाज मिल रही है? ओव्हर."

नुसती खरखर. खरातांनंतर हुद्द्याने मीच, लान्स नाईक. बाकीचे तिघे माझ्याकडे बघत होते. नाल्याची वाट जवळची, पण तिच्यावर ताजा बर्फ लोंबत होता. मी डोंगराच्या धारेवरून नेलं. चौघेही पोस्टवर पोहोचलो.

निवृत्तीनंतर दापोडीत मुलींची कबड्डी टीम हाती घेतली. बहुतेक जणी चाकणला कंपनीत शिफ्ट करून येतात. बाहेरून "पकड, सोड" ओरडणारे कोच मला चालत नाहीत. खेळणारीला जे दिसतं ते बाहेरच्याला कुठून दिसणार? मी सराव मध्येच थांबवतो आणि विचारतो. पोरी वैतागतात. वैतागू देत.

परवा चाकणला सेमीफायनल होती. आम्ही एका गुणाने पुढे, समोरच्यांची शेवटची चढाई. कुणी हात लावायचा नाही, मागे राहायचं, असं ठरलं होतं. तरी कॅप्टन प्रतीक्षाने घोटा धरला. चढाई करणारी आमच्या दोघींना घेऊन सुटली. मॅच गेली.

प्रतीक्षा समोर येऊन उभी राहिली. "सर, कॅप्टन बदला. माझ्यामुळं गेली."

"काय बघून धरलंस?"

"तिची पाठ होती माझ्याकडं. एकाच पायावर होती. कव्हरची पोरगी मदतीला आली, पण उशिरा."

"मग धरलंस ते बरोबर. उशीर का झाला ते बघू. कॅप्टन तूच."

"पण सर, ठरलं वेगळंच होतं ना?"

"ठरवताना ती पाठ दिसत नव्हती."

तिने डोळे पुसले. मला तिचा फार अभिमान वाटला.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं, सर?"

मी खरातांचं नाव सांगितलं.

"एकदा ग्राउंडवर आणा ना त्यांना."

"ते तिथंच राहिले, बाळ. बर्फात."

भोसरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, सर. सुटल्यावर कव्हरच्या पोरीला घेऊन ग्राउंडवर येते."