पलीकडच्या काठावरची माणसं

नागपूरच्या संग्रहालयात इम्प्रेशनिस्ट चित्रांच्या मोठ्या प्रतींचं प्रदर्शन लागलं होतं. नदीकाठच्या गर्दीच्या एका चित्रासमोर माझ्याच वयाचा एक माणूस उभा होता. खांद्यावर दुपट्टा, हात पाठीमागे बांधलेले. तो चित्राला नाक लागेल इतका जवळ जाई, मग मागे सरके आणि कुणाला धक्का लागला की हसून हात जोडी. त्याचं नाव मी विचारलं नाही.

"येवढं मोठं चित्र काढलं जी, अन् एकाले नाक नाही," तो मला म्हणाला. "नुसते ठिपके."

"या चित्रांची पद्धतच तशी आहे."

"पद्धत कायची? या काठावरून त्या काठावरची मानसं अशीच दिसते. मी सावरगावचा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात. ती आमची गोटमार.

"तोंडं दिसली असती, तं दगड हातून सुटला असता का?" तो चित्राकडे बघत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याचा डावा डोळा दगडानं गेलेला होता. "तुमी कोन्या गावचे जी?"

गोटमार मी फक्त पाहिली, असं मी घरी आयुष्यभर सांगत आलो.

"पांढुर्ण्याचा," मी म्हणालो. "मीही फेकले."

तो रागावला नाही. खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "मंग या इकडं उजेडात. तोंड तं पाहू द्या."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.