शमुवेलभाऊंच्या पानावरची शेवटची ओळ

मिरजगावला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. मीही गेले नसते. पण जानेवारीत एक पत्र आलं आणि मी पिशवी भरली.

आधी माझा धंदा सांगते. मी ख्रिस्ती घरांसाठी भक्तीची पुस्तकं लिहिते. त्यातलं एक रोजच्या मननाचं आहे. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान, संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत मोठ्यानं वाचायचं. वर्ष सरलं की पुन्हा पहिल्या पानापासून. काही पानांवर वाचकांच्या साक्षी आहेत, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते त्यांनीच सांगितलेलं. मिरजगावजवळच्या खेड्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या शमुवेलभाऊंची साक्ष त्यातली सगळ्यात गाजलेली. पोटातल्या गाठीच्या दुखण्यातून ते बरे झाले होते, त्याची.

पत्र त्यांच्या बायकोचं, सुमनबाईंचं होतं. 'हे जाऊन दोन वर्षे झाली. नव्या पुस्तकात यांचे पान ठेवा, पण शेवटची ओळ काढा. कारण भेटीत सांगेन.' ते गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांचं नाव घराघरांत पोचवलं आणि त्यांची साधी खबरही ठेवली नाही.

शनिवारी सकाळी पुण्याहून निघाले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची काळजी नको. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र 'नगर, नगर' असंच ओरडतो. तिथून सोलापूरच्या रस्त्याची गाडी धरायची. रस्ता आता रुंद झालाय. रुईछत्तीशी मागे पडली की दोन्हीकडे ज्वारी, मध्येच तुरीचा पट्टा आणि बाभळी. खिडकी डाव्या हाताची घ्या, उजवीकडे ऊन भाजून काढतं.

मिरजगावच्या स्टँडबाहेर एक वडापावची गाडी आहे. तिथला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. लसूण सढळ, मिरची तळून मीठ लावलेली. मी दुसरा हाणत असतानाच सुमनबाईंची मुलगी रूथ स्कूटीवरून मला न्यायला आली. विशीची, सडपातळ, कमी बोलणारी.

"घे गं एक," मी म्हटलं.

"नको. मी इथला वडा खात न्हाई."

"काय डाएट वगैरे?" मी उगाच दात काढले. तिनं स्कूटी वळवली.

गाव आत सहा-सात किलोमीटर. गिरणी बंद होती, तिच्या दाराला टेकून सरपण रचलेलं. सुमनबाई ओट्यावर उभ्याच होत्या. "सलाम, बाई. आलात, लई बरं केलं." जेवायला हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी. मी पोटभर जेवले. मग त्यांनी कपाटातून माझं पुस्तक काढलं आणि त्याबरोबर एक शाळेची वही.

"ही यांची वही. तुमाला पाठवायच्या आधी हितं लिवून काढलं हुतं."

मी वाचलं. सगळं माझ्या ओळखीचं होतं, शेवट सोडून. वहीत शेवटी लिहिलं होतं: 'उद्या दुखणे परत आले तरी माझा देव तोच राहील.' छापील पानावर त्या जागी होतं: 'ज्याचा विश्वास पुरा, त्याची प्रार्थना कधी वाया जात नाही.'

ती ओळ माझी होती. मला लख्ख आठवलं. साक्ष वाचताना मला वाटलं होतं, हा माणूस शेवटी कच खातोय. बरा झालाय, मग दुखणं परत यायची भाषा कशाला? वाचकाला धीर यायला हवा. म्हणून त्यांचं वाक्य काढलं आणि माझं घातलं, त्यांना न विचारता. आमच्या धंद्यात याला साक्षीवर हात फिरवणं म्हणतात, आणि माझा हात त्यात चांगलाच बसलेला आहे.

"यांना छापून आल्यावर दिसलं," सुमनबाई म्हणाल्या. "म्हनले, बाईंनी चांगल्यासाठीच केलं आसंल. पन पुढं गाठ परत आली, हे गेले, तवा चर्चच्या मंडळीतली एक बाई हेच पान दाखवून म्हनली, कुटंतरी इस्वास कमी पडला तुमचा. माझं सोडा, मी गिळते. पन पोरगी दोन वर्षं झाली उपासनेला आत येत न्हाई. भायेरच बसती. कारन सांगत न्हाई."

मला इतकी लाज वाटली की माफी मागायचंही राहून गेलं. मी म्हटलं, "उद्या उपासनेत मी बोलते."

रविवारी सकाळी रूथनं आम्हा दोघींना स्कूटीवरून चर्चला सोडलं आणि स्वतः बाहेर कडुलिंबाखाली बसली. चर्च लहान, पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या. ढोलकी आणि टाळांवर भजनं छान रंगली. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मी उठले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या साक्षी छापल्या, स्वतः कधी दिली नव्हती. शमुवेलभाऊंचं वाक्य मी वहीतून वाचलं आणि छापलेलं वाक्य कुणाचं ते सांगितलं. खिडक्या उघड्या होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

उपासना सुटल्यावर एक म्हातारी आपलं पुस्तक घेऊन आली. "कुटली वळ ती? खोडून द्या." मी खोडली आणि वर शमुवेलभाऊंचं वाक्य लिहिलं. मग आणखी काही जणी आल्या. ती पान दाखवणारी बाई आली की नाही, ते मी सुमनबाईंना विचारलं नाही.

दुपारी रूथनं मला स्टँडवर आणलं. नगरची गाडी लागायची होती. मी दोन वडापाव घेतले, एक तिच्यापुढे धरला. तिनं हात पुढे केला नाही.

"पप्पा दवाखान्यात हुते तवा त्यांच्यासाठी आमचा शुक्रवारचा उपास असायचा," ती वड्याकडे बघत म्हणाली. "मम्मी, मी, सगळे. एका शुक्रवारी कॉलेजातनं येताना लई भूक लागली. हितंच वडा खाल्ला मी. घरी सांगितलं न्हाई. रविवारी पप्पा गेले. मग तुमचं पान आलं वाचायला. विश्वास पुरा म्हनून."

"रूथ, ती ओळ देवाची नव्हती गं. तुझ्या पप्पांचीही नव्हती. माझी होती. तुझ्या वड्यानं काही झालं नाही."

"ऐकलं मी. खिडकीतनं."

"मग?"

"मग दोन वर्षं का लावली तुमी?"

गाडी लागली, लोक दाराशी दाटले. मी तो वडापाव कागदात गुंडाळून, पिशवीत घालून तिच्या हातात दिला. तिनं नाही म्हटलं नाही. स्कूटीच्या हुकाला पिशवी अडकवली आणि गेली. माझा वडा मी तसाच घरापर्यंत आणला.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा. ज्वारी उभी असते, उन्हाचा त्रास कमी. एका दिवसात जाऊन येणं होतं, पण मुक्काम करा. त्या ओट्यावर बसून खाल्लेली शेंगोळी मला अजून आठवते.

नवी आवृत्ती आता छापून आली. शमुवेलभाऊंचं पान त्यांच्या वहीबरहुकूम आहे. बाकीच्या साक्षींची मूळ पत्रं काढून रोज एकेक ताडून बघते, आणि जिथे माझा हात फिरलेला दिसतो तिथे लाल खूण करते. जुन्या प्रती मात्र घराघरांत आहेत, दर वर्षी ती तारीख येते आणि माझी ओळ कुणीतरी मोठ्यानं वाचतं. सुमनबाईंचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी, नवं पुस्तक मिळाल्याचं, सगळं सांगतात. रूथनं त्या दिवशी वडा खाल्ला का, एवढंच मला विचारायचं असतं. अजून विचारलेलं नाही.