लाखोरीचा भूस आणि आईचं माहेर

आमची जुनी पांढरी गाडी गोंदियात फिरताना एकदम साळसूद. बाजारात न्या, स्टेशनवर न्या, इंजिनाच्या गरमीचा काटा मधातच. पण आमगाव मागं पडलं की काटा सरकायला लागायचा, आणि पुढच्या दहा-बारा किलोमीटरात लाल रेघेपाशी. मग बाबा एसी बंद करून हीटर लावायचे, इंजिनाची गरमी आत ओढायले. भर मार्चात. काचा खाली, पायावर भट्टीचा वारा, आणि आई पदरानं वारा घालायची तो स्वतःले नाही, डॅशबोर्डले.

आता मी ज्या गाडीत फिरतो तिच्यात काटाच नाही. गरम झाली तर पडद्यावर चित्र येते म्हणतात. मी ते चित्र अजून पाहिलं नाही, आणि खरं सांगू, थोडं चुकल्यासारखं वाटते.

आईचं माहेर देवरीच्या पुढं, जंगलाले लागून. तिले बस लागते. लागते म्हणजे कशी, तर बस फलाटाले यायच्या आधी नुसत्या डिझेलच्या वासानं आई खाली बसते. म्हणून ही गाडी म्हणजेच तिची माहेरची वाट. दोनदा आम्ही रस्त्यात सागाखाली बोनेट उघडून बसलो, तेव्हापासून बाबांनी लांबचं बंद केलं. वर्ष झालं, आई माहेरी गेली नव्हती. मग एका गुरुवारी बाबा जेवता जेवता म्हणाले, रविवारी एक जण गाडी पाहायले येऊन रायला, देऊन टाकू. आई उठली आणि तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि नकला करणे हा माझा मुख्य विषय होता. शनिवारी सकाळी मी बाबांच्या मागं लागलो की फुलचूरच्या मिस्त्रीले एकदा दाखवू. बाबा म्हणाले, तीन मिस्त्री झाले, आता चौथा काय आरती करते? झाले होते खरंच. एकानं कूलंट बदललं. दुसऱ्यानं इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारा व्हॉल्व्हच काढून पिशवीत घालून हाती दिला. तिसऱ्यानं रेडिएटरचा पंखा डायरेक्ट जोडला, तर तो गाडी सुरू होताच गिरणीसारखा भणाणायचा. पण आई चप्पल घालून गाडीत जाऊन बसलीच होती. मग बाबांचं काय चालते.

फुलचूरचा मिस्त्री कमी बोलणारा, अर्धा हिंदीत. विचारलं, क्या होता है. बाबा म्हणाले, गरम होते. एवढंच. मग मीच पुढं झालो आणि आमगावपासूनचा सगळा प्रवास तोंडानं करून दाखवला. चौथा गिअर, पंख्याचा कोंडल्यासारखा भणभणाट, बाबांचं चुकचुकणं, आईचं "हळू जी, हळू". मिस्त्रीनं चहा खाली ठेवला. म्हणाला, पंख्याचा आवाज परत काढ. मी काढला. "हवा खेचून नाही रायला तो," मिस्त्री म्हणाला.

त्यानं आधी थंड इंजिनावरच रेडिएटरचं झाकण उघडून गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुडे नाहीत. मागून पांढरा धूर नाही. म्हणजे इंजिन आतून ठीक. मग त्यानं वहीचा एक कागद फाडला आणि समोरच्या जाळीवर धरला. पंखा भणाणत होता. कागद जाळीले चिकटायले पाहिजे होता. तो घसरून आमच्या पायापाशी पडला. दुसऱ्यांदाही पडला. मिस्त्री हसला आणि बंपर खोलायले बसला.

एसीची जाळी थोडी पुढं ओढली तेव्हा तिच्या आणि रेडिएटरच्या मधात एक गादी निघाली. भुशाची. काड्या, शेंगांची टरफलं, धूळ, सगळं दाबून नमद्यासारखं घट्ट. मिस्त्रीनं बोटानं एक तुकडा सोडवला आणि बाबांच्या हातावर ठेवला.

"काकाजी, हे काय हाये? गाडी खेत में चलाते क्या?"

बाबांनी तो तुकडा उलटापालटा करून पाहिला. शेतकऱ्याच्या घरचे, त्यांना ओळखायले काय लागते. म्हणाले, लाखोरी.

धानानंतर आमच्याकडं बांधीत, म्हणजे धानाच्याच शेतात, लाखोरीची डाळ पिकते, आणि लोक ती वाळवून डांबरी रोडवर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली मळून निघावी म्हणून. बाकीचे बाजूनं काढतात. बाबा मुद्दाम वरून नेत. नुसते नेत नसत, रिव्हर्स घेऊन परत. देवरीच्या त्या एका रस्त्यावर आम्ही किती लोकांची लाखोरी मळली असेल देव जाणे.

"'अजून एक चक्कर मारा, लाखोरीवाली बाई एकटीच हाये,' म्हणून तूच सांगत होती ना," बाबा आईले म्हणाले.

आई गाडीकडं पाहत होती. "मले काय माहीत, ती आपल्याच गाडीच्या नाकात जाऊन रायली," ती म्हणाली, आणि तोंडाले पदर लावला. हसून रायली होती की दुसरं काही, ते मले आजही नक्की सांगता येत नाही.

मिस्त्रीनं मागून पुढं, हलक्या धारेनं जाळी धुतली. जोरात मारलं तर पातळ पात्या वाकतात म्हणे. व्हॉल्व्ह जागेवर बसवला, पंखा पहिल्यासारखा केला, नवीन कूलंट भरलं. कागद पुन्हा धरला. चिकटला.

बाबांनी घरी न नेता गाडी तशीच आमगावकडं वळवली. आमगाव गेलं, पुढचा जंगलाचा भाग आला, एसी चालू, काटा मधातच. आईनं बाहेर एकदाही पाहिलं नाही. सगळा रस्ता ती काट्याकडं पाहत होती.

मामाच्या अंगणात गाडी थांबायच्या आधीच तिनं दार उघडलं. कपडे नाही, पिशवी नाही, घरच्याच साडीत. मामा बाहेर आले, म्हणाले, किती दिवस रायतेस? दर वेळी ती दिवस मोजून सांगायची. तेव्हा म्हणाली, पाहू. आणि आत गेली.

बाबा अंगणात उभे होते तेव्हा फोन वाजला. गाडी पाहायले येणारा, उद्या किती वाजता येऊ विचारत होता. बाबांनी घराच्या दाराकडं पाहिलं. आतून आईचा आवाज येत होता, तिच्या भावजयीच्या वरताण.

"नको येऊ भाऊ," बाबा म्हणाले. "गाडी कामात हाये."